चालू झाली हो, पण थांबेल का?

दर खंडेनवमीला आमच्या गल्लीत ठरलेला देखावा असतो. सकाळी गाड्या धुवायच्या, बॉनेटवर झेंडूचा हार, चाकांना हळदकुंकू, पुढच्या चाकाखाली लिंबू. ज्यांच्या शेडमध्ये वडिलांची किंवा आजोबांची जुनी गाडी उभी आहे, ते त्या दिवशी ताडपत्री ओढून काढतात. कुणाच्या तरी ट्रॅक्टरची बॅटरी आणून जोडतात. दहा-वीस वेळा स्टार्टर मारल्यावर इंजिन खोकत, धूर ओकत सुरू झालं की घरात असा जल्लोष होतो की विचारू नका. "चालू झाली! चालू झाली!" बायकामाणसं बाहेर येतात, मोबाइल निघतात, म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. आणि मग कुणीतरी म्हणतोच, "चला, एक चक्कर मारून येऊ."

माझा राग आहे तो या 'एक चक्कर'वर. बरेच दिवस साठलाय, आज काढतो. घरची मंडळी हे वाचतात हे मला पक्कं ठाऊक आहे. किंबहुना त्यांनी वाचावं म्हणूनच लिहितोय.

कुणी म्हणेल, मास्तर, तुम्ही मराठीचे बीए, तुम्हाला गाडीच्या ब्रेकमधलं काय कळतंय? प्रश्न रास्त आहे. माझं सगळं आयुष्य मराठी आणि इतिहास शिकवण्यात गेलं. विज्ञानाचे सर रजेवर गेले की ऑफ तास मात्र माझ्या गळ्यात पडायचा, आणि तेव्हा हवेचा दाब हा धडा मी इतक्या वेळा घेतलाय की गेरिकचे ते दोन अर्धगोल आणि ते ओढणारे घोडे मला शिवचरित्राइतके पाठ आहेत. पण तो धडा मला खऱ्या अर्थाने कळला तो वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, सागरेश्वरच्या घाटात. तीच हकिकत आधी सांगतो.

आमच्या आण्णांची, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंची, कॉन्टेसा होती. १९९२ चं मॉडेल, त्यांनी १९९८ साली जुनीच घेतली. द्राक्षाला त्या वर्षी बरा भाव मिळाला होता. हिंदुस्थान मोटर्सने ही गाडी १९८४ मध्ये आणली आणि २००२ मध्ये बंद केली. त्या काळात पलूसमध्ये कॉन्टेसातून उतरणारा माणूस म्हणजे एकतर पुढारी किंवा बागायतदार. आण्णा दुसऱ्या प्रकारातले. २०१२ साली आण्णा गेले आणि गाडी बेदाणा शेडच्या कोपऱ्यात गेली. विकायचं कुणाच्या मनात आलं नाही. वहिनी तर तो विषयच काढू देत नव्हत्या.

आणि इथे माझी पहिली चूक. मी पुतण्याला शहाणपण शिकवलं, "महिन्यातून एकदा इंजिन चालू करून ठेवत जा रे, म्हणजे गाडी जिवंत राहते." पोरगं आज्ञाधारक. अकरा वर्षं त्याने इमानेइतबारे महिन्याला पाच मिनिटं इंजिन चालवलं. गाडी शेडमधून चार हातही पुढे आली नाही. ब्रेक दाबायचा संबंध नाही, ब्रेक ऑइल बदलायचा तर विचारही नाही. आम्ही समजत होतो गाडी सांभाळतोय. सांभाळत होतो फक्त इंजिनचा आवाज. आण्णांचा आवाज ऐकल्यासारखं वाटायचं, खरं सांगायचं तर तेवढंच.

२०२३ च्या डिसेंबरमध्ये घरात लग्न ठरलं, नातीचं. नवरीला आजोबांच्या गाडीतून मांडवात न्यायचं ठरलं. गाडी मिस्त्रीकडे गेली. रंगाला ऐंशी हजार, सीटकव्हर, नवे टायर, क्रोमचं पॉलिश. ब्रेकचं काय? "ब्रेक बघितले, लागतायत," एवढं ऐकून आम्ही खूश. एक तक्रार तेवढी होती, ब्रेक दाबून धरला की इंजिन थरथरून बंद पडायचं. मिस्त्रीने कार्ब्युरेटर साफ केला, आयडलिंग वाढवून दिलं. बंद पडायचं थांबलं. आम्ही त्याची पाठ थोपटली.

त्याच आठवड्यात देवराष्ट्र्याला पाव्हण्यांकडे पत्रिका द्यायला निघालो. पुतण्या चालवायला, मी शेजारी, मागे वहिनी. येताना ताकारीच्या बाजूला उतरताना सागरेश्वरचा तो छोटासा घाट लागतो. उसाचे दिवस. पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर डुलत डुलत उतरत होता. पुतण्याने सवयीप्रमाणे क्लच दाबला आणि ब्रेकवर पाय ठेवला. पायाशी फुस्स असा आवाज झाला. तो आवाज मी पलूसपासून ऐकत होतो, मला वाटलं हवा यायच्या जाळीचा असेल! इंजिन दोनदा अडखळलं आणि बंद. पुढच्या क्षणी पुतण्या म्हणाला, "तात्या, ब्रेक दगड झालाय." मी बघितलं तर दोन्ही पाय ब्रेकवर रोवून तो सीटवरून अर्धा उठलेला, आणि गाडी आपली चाललीय. वेग फार नव्हता. तीस-पस्तीस असेल. पण उसाच्या मोळ्या काचेत मोठ्या मोठ्या होत गेल्या ते अजून स्वप्नात येतं. त्याने हँडब्रेक ओढला, गाडी डोंगराच्या बाजूच्या चरीत घातली, आणि दरडीला घासत ती उभी राहिली. एक हेडलाइट फुटला. नवा रंग खरवडला. वहिनींच्या कपाळाला टेंगूळ आलं. बस एवढंच. मागून वहिनी म्हणाल्या, "भावजी, ह्यांनी कधी अशी गाडी चालवली नव्हती हो." मला तिथल्या तिथे जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

आता बूस्टर म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे पुढचं भांडण समजेल.

ब्रेकचं पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्या मध्ये पत्र्याचा एक गोल डबा असतो, दोन थाळ्या तोंडाला तोंड लावून बसवाव्यात तसा. हाच बूस्टर. आत मधोमध कापडी अस्तराचा रबरी पडदा. इंजिन चालू असताना ते या डब्यातली हवा एका पाइपातून ओढून घेतं. पडद्याच्या दोन्ही बाजूंना सारखीच पोकळी असते तोवर पडदा स्वस्थ. तुम्ही पेडल दाबलं की पेडलच्या बाजूची एक झडप उघडते, बाहेरची हवा त्या बाजूला आत शिरते आणि पडद्याला पुढे ढकलते. म्हणजे जोर पायाचा थोडा आणि हवेचा जास्त. अल्बर्ट देवांद्र नावाच्या बेल्जियन इंजिनिअरने १९२० च्या दशकात ही युक्ती गाड्यांना लावली.

हिशेब करून पाहा. पडद्याचा व्यास वीस सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. इंजिन त्यातला दोन-तृतीयांशाहून थोडा जास्त ओढून घेतं, म्हणजे दोन बाजूंतला फरक साधारण ०.७ किलो. गुणाकार केला की येतात सुमारे २२० किलो! पन्नास किलोची चार पोती आणि वर थोडं. एवढी हवा तुमच्या पायाला मदत करत असते आणि तुम्हाला पत्ताच नसतो. ती गेली की तुमचा पाय एकटा.

आमच्या डब्यातला पडदा अकरा वर्षांत वाळून घडीवर चिरला होता. ब्रेक दाबला की बाहेरची हवा चिरेतून थेट इंजिनात जायची. पेट्रोलला नको तेवढी हवा मिळाली की इंजिन अडखळणार, बंद पडणारच. तेच तर ते थरथरणं! गाडी स्वतःच्या तोंडाने सांगत होती की दुखणं बूस्टरला आहे, आणि आम्ही आयडलिंग वाढवून तिचं तोंड बंद केलं. तापाचं कारण न शोधता क्रोसिन देण्याचाच प्रकार हा. घाटात ती चीर आणखी फाटली असावी. एरवी इंजिन बंद पडलं तरी बूस्टरमध्ये दोन-तीन ब्रेकपुरती पोकळी शिल्लक राहते, कारण पाइपावर हवा एकाच दिशेला जाऊ देणारी छोटी झडप असते. आमची ती झडपही अडकून पडली होती. शिल्लक शून्य.

बरं, पुतण्याने क्लच न दाबता गाडी गिअरमध्ये ठेवली असती तर चाकांनी इंजिन फिरत ठेवलं असतं, आणि निदान इंजिनचा तरी अडसर मिळाला असता. पण हे त्याला कुणी शिकवलं होतं? आमच्या पिढीतले ड्रायव्हर तर उतार आला की न्यूट्रल करून इंजिन बंद करायचे, पेट्रोल वाचवायला! मी स्वतः अशा गाड्यांतून महाबळेश्वर उतरलोय आणि ड्रायव्हरच्या काटकसरीचं कौतुक केलंय. जुन्या फियाटला, अँबॅसिडरला ते खपून गेलं, कारण त्यांना बूस्टरच नव्हता. बूस्टरच्या गाडीत ही काटकसर म्हणजे उतारावर आपणच आपला ब्रेक काढून ठेवणं. अजूनही लोक करतात. परवाच एका पाव्हण्याला करताना पाहिलं, भर घाटात हुज्जत घातली.

आता मुख्य भांडण.

गाडी ओढून पलूसला आणली. मिस्त्रीने बघितलं, आणि दोन मिनिटांत निकाल दिला. "गुरुजी, बूस्टर गेलाय. काढून टाकतो. पाइपाला बोल्ट ठोकून बंद करतो, झंझटच नको. आवो, जुन्या अँबॅसिडरला कुठं होता बूस्टर? थांबत नव्हत्या का गाड्या?" आजूबाजूच्या चार जणांनी माना डोलावल्या. खरं सांगतो, मीही डोलावली. उदाहरण असं चपखल होतं की शिक्षक असूनही मला त्यातली खोट दिसली नाही.

ती खोट दाखवली वाडीतल्या एका निवृत्त टर्नरने. किर्लोस्करवाडीत आयुष्य लेथवर गेलेला माणूस, माझा जुना विद्यार्थी, इतिहासात जेमतेम पास होणारा. तो म्हणाला, "सर, अँबॅसिडरला चारही चाकांना ड्रम. ड्रममधला शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जातो आणि आपोआप आणखी आवळतो, पाचर बसल्यासारखा. तुमच्या गाडीला पुढं डिस्क हाय. डिस्कला पॅड दोन्ही बाजूनं नुसता दाबतो, ओढला जात न्हाई. म्हणून त्याला जोर जास्त लागतो, म्हणून तर बूस्टर दिलाय. काढून टाकायचा असता तर बनवणाऱ्यानंच दिला नसता की." इतिहासात पस्तीस मार्क, पण काय प्रमेय मांडलं पठ्ठ्याने! 'पूर्वी नव्हतं म्हणून आताही नको' हा युक्तिवाद आपण किती ठिकाणी ऐकतो, आणि दर वेळी पूर्वीच्या वस्तूची बाकीची रचना विसरतो.

बायपासवाल्यांच्या पलीकडे दुसरा पंथ आहे, 'नवा टाका'वाल्यांचा. हे लोक दिसायला जास्त शहाणे. पेडल कडक? बूस्टर नवा टाका. मुळात या गाडीचा अस्सल नवा बूस्टर आता सहज मिळत नाही, म्हणून दुसऱ्याच कुठल्या गाडीचा आणून पट्ट्या वेल्ड करून बसवतात. पडदा मोठा निघाला तर हवेचा जोर वाढतो आणि ओल्या रस्त्यावर चाकं जाम होऊन गाडी घसरते. लहान निघाला तर होतं तेच बरं होतं. आणि तरी खरं कारण तसंच राहतं. आमच्याच गाडीचं बघा ना. टर्नरने बूस्टरच्या डब्यावरची ती छोटी झडप उपसून काढली, मला म्हणाला, घरातून एक लांब वात आणा. देवघरातली फुलवात नव्हे हं, समईची लांब वात. ती तारेला गुंडाळून त्याने भोकातून डब्याच्या तळापर्यंत घातली. बाहेर काढली तर ओलीचिंब! ब्रेक ऑइल. डबा उघडल्यावर अर्धा कप निघालं. म्हणजे पडदा नुसता वयाने गेला नव्हता. मास्टर सिलिंडरचा मागचा सील गळत होता आणि ते ऑइल महिनोन् महिने बूस्टरमध्ये झिरपून पडद्याला सडवत होतं. बाहेर जमिनीवर एक थेंब नाही. नवा बूस्टर टाकला असता तर तोही याच वाटेने गेला असता. बाटलीतलं ऑइल उतरतंय आणि गळती कुठेच दिसत नाही, असं तुमच्या गाडीत असेल तर ही वात घालून बघा. सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल तर वातीचीही गरज नाही, इंजिन ऑइल पितंय समजा.

सील का गळला, तेही ऐका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट-३ प्रतीचं नवं ऑइल २०५ अंशांच्या आत उकळता कामा नये असा दंडक आहे. तेच ऑइल पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी प्यायलं की हा दंडक १४० वर येतो. घाटात ब्रेक तापले की वाफ धरते आणि पेडल थेट तळाला जातं. हे झालं चालत्या गाडीचं. उभ्या गाडीत ते पाणी सिलिंडरच्या आत बसून गंज धरतं, बारीक खड्डे पाडतं. शेडमध्ये कधीमधी पाय ठेवला तर पेडल थोडंच दबतं, सील गुळगुळीत भागातच फिरतो, सगळं ठीक वाटतं. पहिल्यांदा जोरात, पूर्ण दाबलं की सील पुढच्या गंजलेल्या भागावरून जातो आणि कापला जातो. "काल तर लागत होते हो ब्रेक" हे वाक्य म्हणूनच खरं असतं. काल लागत होतेच.

आता ज्यांच्या घरी अशी गाडी उभी आहे त्यांनी मिस्त्रीकडे जायच्या आधी, शेडमध्येच, पुढच्या चाकाला दगड लावून एवढं करावं. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा. कडक होईल. पाय तसाच दाबून ठेवा आणि इंजिन चालू करा. बूस्टर धड असेल तर पाय आपोआप थोडा खाली जातो, कुणीतरी खालून ओढल्यासारखा. गेला नाही तर गाडी हलवू नका. गेला तर इंजिन मिनिटभर चालवून बंद करा, पाच मिनिटं थांबा, मग पेडल दाबा. पहिले एक-दोन दाब मऊ लागले पाहिजेत. पहिलाच दगडासारखा लागला तर पोकळी कुठूनतरी निसटतेय, पाइप, झडप किंवा पडदा. पुन्हा इंजिन चालू करून पेडल दाबून धरा आणि कान द्या. फुस्स आवाज राहतोय का, इंजिनचा सूर बदलतोय का. या सगळ्याला दहा मिनिटं लागतात आणि पैसा एक लागत नाही. बीए मराठीला जमतं.

मात्र कडक पेडल म्हणजे बूस्टरच गेला, असं समजायचं नाही. पडलेल्या गाडीचे कॅलिपर जाम होतात. चाकाजवळचा रबरी ब्रेक पाइप आतून फुगून अरुंद होतो, बाहेरून नवाकोरा दिसतो. आणि पेडल स्पंजासारखं मऊ लागत असेल तर ऑइलमध्ये हवा आहे, बूस्टरचा त्यात काही दोष नाही. डिझेलवाल्या जीपमंडळींनो, तुमच्या इंजिनला पेट्रोलसारखी पोकळी ओढता येत नाही, तुमच्याकडे त्यासाठी वेगळा पंप असतो, बहुतेक वेळा अल्टरनेटरच्या पाठीला. तो आधी बघा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात इकडे कृष्णाकाठच्या गावांत ज्यांच्या गाड्या पाण्यात होत्या त्यांना वेगळं सांगायला नको. सीटा उन्हात वाळवल्या म्हणजे पडद्यामागचा गाळ वाळून निघाला असं होत नाही.

बूस्टर उघडायचं काम मात्र घरी करू नका, हात जोडून सांगतो. आत दाबून बसवलेली जाड स्प्रिंग असते, दोन थाळ्या सुटल्या की तोंडावर येते. टर्नरने त्यासाठी प्लेट आणि लांब बोल्टांचा साचाच बनवला, थाळ्या आवळून धरल्या, फिरवून लॉक सोडवला आणि बोल्ट सूत-सूत ढिले केले. आमचा डबा उघडण्याजोगा होता. काही डबे कारखान्यातच पत्रा दुमडून कायमचे बंद केलेले असतात, ते उघडायचे नसतातच. आमच्या डब्याला तळाशी गंज होता पण पडद्याची कड जिथे बसते ती जागा साफ होती. तिथे खड्डे असते तर टाकून द्यावा लागला असता, असं त्याने आधीच बजावलं होतं. पुण्याच्या नाना पेठेतून पडदा, सील, झडप असा किट मागवायला तीन आठवडे गेले. मधल्या काळात एकाने तर ट्रॅक्टरच्या ट्यूबमधून पडदा कापून देतो म्हणून सांगितलं. मी त्याला चहा पाजून पाठवला. शेवटी बूस्टर आणि मास्टर सिलिंडर यांच्यामधल्या दांड्याची लांबी मोजायची. मिलिमीटरच्या आतला खेळ असतो, पण दांडा किंचित लांब राहिला तर ब्रेक सुटतच नाहीत, तापतात आणि चाकं धरतात. आखूड राहिला तर पेडल अर्धं जाईपर्यंत काही होत नाही. टर्नरने ते चार वेळा मोजलं. मला चष्म्यातून दिसलंही नाही. मास्टर सिलिंडर नवा, ऑइल सगळं नवं, चारही रबरी पाइप नवे. बिल साडेनऊ हजार.

रंगाला ऐंशी हजार दिले होते, बरं का.

एवढं झाल्यावर मी त्या पहिल्या मिस्त्रीकडे भांडायला गेलो. मनात भाषण तयार होतं. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "गुरुजी, नुसतं बघायचं म्हणून मी दिवसभर ब्रेक खोलून बसलो असतो, आणि काही निघालं नसतं, तर मजुरी दिली असती का तुम्ही?"

मी गप्प. खरंच, दिली नसती. आम्ही म्हणालो असतो, काही बदललं नाही मग पैसे कसले? डॉक्टरने नाडी बघून "काही नाही, ठणठणीत आहात" म्हटलं तरी त्याची फी निमूट देतो आपण. मिस्त्रीला मात्र पैसे पार्टचे. पार्ट बदलला तरच काम झालं, हा हिशेब आपण गिऱ्हाइकांनी तयार केलाय. मग तो तपासेल कशाला? जे दिसतं ते चकचकीत करेल, जे बंद पडतं ते कसंतरी चालू ठेवेल, आणि जे खोलावं लागतं त्याला बोल्ट ठोकेल. माझ्या पेशातलंही तेच की. पोराचे मार्क बघायचे, त्याला कळलंय काय ते बघायला तास द्यायला कुणी तयार नाही.

म्हणून मिस्त्रीवरचा राग मी अर्धा मागे घेतला. अर्धाच. वाढवलेल्या आयडलिंगचा राग अजून आहे, आणि तो त्यालाही सांगितलाय. उरलेला राग आपल्या घरच्यांवर आणि स्वतःवर. गाडी म्हणजे आण्णांची आठवण म्हणायचं, फोटोला हार घालावा तसा गाडीला घालायचा, आणि जिच्यात नात बसणार तिच्या ब्रेकवर पाय ठेवून दहा मिनिटं बघायचं नाही? आण्णा स्वतः कसे होते ते विसरलो आपण. लांब निघायचं असलं की बॉनेट उघडून ऑइलची बाटली बघितल्याशिवाय किल्ली लावायचे नाहीत. वहिनींनीच आठवण करून दिली. त्यांची खरी आठवण जपायची तर ती सवय जपायला हवी होती, आम्ही रंग जपला.

लग्न फेब्रुवारीत झालं. किट वेळेत आला नव्हता, म्हणून नवरी मारुतीतून मांडवात गेली. थोडी हिरमुसली. काही पाव्हण्यांनी मला ऐकवलंही, "मास्तरांनी गाडीचं उगाच लांबवलं, ओढूनताणून नेली असती दोन किलोमीटर." त्यांना मी तेव्हा काही बोललो नाही, लग्नघर होतं. आता इथे बोललो.

गाडी एप्रिलमध्ये तयार झाली. त्या सागरेश्वरच्या घाटात पुन्हा न्यायचं म्हणून मीच हट्ट धरला. टर्नर चालवायला, मी शेजारी. वहिनी आल्या नाहीत.

आता पुण्याच्या मेव्हण्यांसाठी. तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी असलेली ती गाडी तुम्ही दसऱ्याला बाहेर काढणार आहात असं भाचीने फोनवर सांगितलं. मिस्त्री बोलावलाय, बॅटरी आणलीय म्हणे. रविवारी सकाळच्या गाडीने मी किर्लोस्करवाडीहून निघतोय. समईची वात आणि तार माझ्याकडे आहे. मी येईपर्यंत चाकाखालचा दगड काढू नका.